थेट स्पेशालिस्टकडे जाता, की आधी फॅमिली डॉक्टरांकडे? आणि का?

सुहास_बावधन

गेल्या सहा-सात महिन्यांत बाबांच्या चक्करेमुळे आम्ही जेवढे दवाखाने फिरलो, ते एकदा लिहून काढायचं होतं. शेवटी प्रश्नही आहे, म्हणून धागा काढतो आहे.

बाबा ७६ वर्षांचे. २०११ पर्यंत आम्ही सदाशिव पेठेत होतो. तिथे एक डॉक्टर होते, घरातले सगळे त्यांना डॉक्टरकाकाच म्हणायचे. बावधनला आलो आणि ते सुटले. भांडण नाही, तक्रार नाही, फक्त अंतर. इथे सोसायटीच्या फाटकाबाहेरच एका इमारतीत सगळे स्पेशालिस्ट आहेत. कान दुखला की कानाचे, गुडघा दुखला की हाडाचे, अशी सवय कधी लागली ते कळलंच नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी उठताना बाबांचा तोल गेला. आधी कान-नाक-घसा झालं. कानातला तोल बिघडला असेल म्हणून गोळ्या मिळाल्या. फरक पडला नाही, मग हाडांचे डॉक्टर. मानेचा एक्स-रे, ‘सर्व्हायकल’, पट्टा. नंतर न्यूरो, एमआरआय. त्यात वयोमानाप्रमाणे बदल, बाकी काही नाही. मग हृदयाचे. इको झाला, छातीला २४ तास यंत्र बांधून झालं, सगळं नॉर्मल. तोवर ३१ हजार रुपये गेले होते. एकही डॉक्टर वाईट वागला नाही, हे मुद्दाम लिहितो. प्रत्येकाने आपलं काम नीट केलं.

जूनमध्ये रात्री बाथरूमला जाताना बाबा पडले आणि मनगट मोडलं. मावशी भेटायला आली, म्हणाली, “अरे, डॉक्टरकाकांना दाखवलंत का?” खरं सांगतो, ते अजून दवाखाना चालवतात हेही मला माहीत नव्हतं.

ते आता ७४ वर्षांचे आहेत, फक्त सकाळी बसतात. त्यांनी फाईल बाजूला ठेवली आणि बाबांना विचारलं, “चक्कर नेमकी कधी येते? झोपेतून उठताना, उभं राहताना, की मान वळवताना?” मग म्हणाले, “घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा.” पिशवीत अकरा निघाल्या. रक्तदाबाच्या दोन, त्या हृदयाच्या डॉक्टरांच्या. प्रोस्टेटची एक, ती युरॉलॉजिस्टची, जानेवारीत सुरू झालेली. त्यांनी बाबांना पाच मिनिटं आडवं झोपवलं आणि दाब मोजला, १३८. उभं करून परत मोजला, १०४. प्रोस्टेटची ती गोळीही उभं राहताना दाब उतरवते, आणि दाबाच्या दोन गोळ्या तर आधीपासून होत्याच. डॉक्टरकाकांनी आमच्यासमोरच दोन्ही डॉक्टरांना फोन केले. एक गोळी कमी झाली, एकीची वेळ बदलली, चक्करेची आणि मानेची बंद झाली. नवीन त्यांनी काहीच लिहून दिलं नाही. फी २०० रुपये.

आता प्रश्न. तुम्ही आधी कुणाकडे जाता? आणि ती सवय कशामुळे लागली: चांगल्या अनुभवामुळे, वाईट अनुभवामुळे, की आमच्यासारखी नुसती घर बदलल्यामुळे?

मृण्मयी_ठाणे

सुहास, बाबा बरे आहेत हे वाचून बरं वाटलं. माझा अनुभव बरोबर उलटा आहे आणि तो इथे यायलाच हवा.

मी ४१ वर्षांची असताना पाळीत खूप रक्तस्राव सुरू झाला. आमचे फॅमिली डॉक्टर लग्नाच्या आधीपासूनचे, सासऱ्यांचे मित्र. मी तीन वेळा गेले. पहिल्यांदा म्हणाले, या वयात बायकांना होतंच. दुसऱ्यांदा लोहाचं टॉनिक. तिसऱ्यांदा विचारलं, “ऑफिसात टेन्शन आहे का?” पोट तपासलं नाही, सोनोग्राफी सांगितली नाही. चौदा महिने गेले. एक दिवस ठाणे स्टेशनचा जिना चढताना डोळ्यांपुढे अंधार आला आणि मी पायरीवर बसले. हिमोग्लोबिन ६.४. गर्भाशयात पाच सेंटिमीटरची गाठ होती. रक्ताच्या दोन बाटल्या लागल्या, मग ऑपरेशन.

तेव्हापासून आमच्या घरात कुणीही फॅमिली डॉक्टरांकडे गेलेलं नाही. मुलाच्या अंगावर पुरळ आलं की त्वचेचे डॉक्टर. सासूबाईंचा गुडघा, हाडाचे. मला पित्ताचा त्रास झाला तेव्हा सरळ पोटाच्या डॉक्टरांकडे गेले, दुर्बिणीने तपासणी झाली, काही निघालं नाही. ती तपासणी कदाचित टळली असती हे मला कळतं. पण “टेन्शन आहे का” हा प्रश्न परत ऐकण्यापेक्षा मी ते पैसे खुशीने भरले.

अनघा_पर्वती

मृण्मयी, अगदी. माझ्या थायरॉइडचं निदान व्हायला दीड वर्ष गेलं. दमायला होतं म्हटलं की उत्तर ठरलेलं: “घर आणि नोकरी दोन्ही करता ना, दमणारच.”

डॉ_मिरज

मी मिरजेजवळच्या एका गावात २६ वर्षं जनरल प्रॅक्टिस करतो. दोन्ही अनुभव वाचले. मृण्मयीताईंचा आधी घेतो, कारण तिथे चूक आमच्या बाजूची आहे. चाळिशीतली बाई जास्त रक्तस्राव सांगते आहे, तर पहिल्याच भेटीत पापणी खाली ओढून डोळा बघायचा, पोट चाचपायचं, हिमोग्लोबिन करायचं. दुसऱ्या भेटीत सोनोग्राफी आणि स्त्रीरोगतज्ज्ञांच्या नावाची चिठ्ठी. यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही. लागतं ते ऐकून घेणं. घरोब्याचा संबंध असला की एक धोका वाढतो. आपण माणसाला ‘ओळखतो’, म्हणून तपासायचं राहून जातं. हे माझ्याकडूनही झालंय. ओळखीतल्या एका मावशींना मधुमेह होता. पोटात जळजळ म्हणाल्या, मी पित्ताची गोळी दिली. तो हृदयविकार होता. मधुमेहात छातीत दुखेलच असं नसतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्या वाचल्या, पण ते घर माझ्याकडे परत आलं नाही. त्यांचं बरोबर होतं.

आता दुसरी बाजू. माझ्याकडे दिवसाला ६०-७० पेशंट. ताप, जुलाब, खोकला, शेतात लागलेलं. डोकं दुखतं म्हणून वर्षभरात शेकडो लोक येतात, त्यांत मेंदूत काही गंभीर असलेला क्वचित एखादा. न्यूरॉलॉजिस्टकडे जातात ते गाळून गेलेले असतात, म्हणून तिथे गंभीर आजाराचं प्रमाण जास्त आणि तिथे एमआरआय सांगणं बरोबरच ठरतं. पण गाळण न लावता सगळेच तिथे गेले, तर तोच नियम साध्या डोकेदुखीलाही लागतो. मग रिपोर्टमध्ये काहीतरी बारीकसं निघतं, त्याच्यासाठी पुढची तपासणी. तज्ज्ञ चुकीचे नसतात. त्यांच्याकडे पोचायची वाट चुकलेली असते.

आमच्या हातातलं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे वेळ. “तीन दिवसांनी या” असं मी सांगतो तेव्हा त्या तीन दिवसांत आजार आपलं रूप दाखवणार असतो. डेंग्यू असेल तर दिसेल, साधा विषाणू असेल तर उतरेल. पेशंटला मात्र वाटतं, यांना कळलं नाही. काही जण त्याच संध्याकाळी सांगलीला मोठ्या डॉक्टरांकडे जातात, ॲडमिट होतात, सलाईन लागतं, तिसऱ्या दिवशी ताप उतरतो. उतरणारच होता. पण श्रेय सलाईनला. दोष माझाच की मी ‘का’ थांबायचं ते सांगितलं नाही. आता सांगतो, आणि कुठलं लक्षण दिसलं तर रात्रीसुद्धा निघायचं, ते कागदावर लिहून देतो. तसं केल्यापासून परत येणारे वाढलेत.

सुहास_बावधन

डॉक्टर, मनापासून आभार. गाळणीचा मुद्दा मला नवीन आहे. बाबांच्या बाबतीत चारही तपासण्या आपापल्या जागी योग्यच होत्या, हे आता कळतंय.

मृण्मयी, तुमच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

हेमंत_आइंडहोवन

मी नेदरलँड्समध्ये ९ वर्षं आहे. इथे हा प्रश्नच येत नाही, कारण थेट स्पेशालिस्टकडे जाताच येत नाही. आपल्या भागातल्या हाउसआर्ट्सकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायचं. त्याने चिठ्ठी दिली तरच हॉस्पिटल. विम्यातले वर्षाला पहिले ३८५ युरो आपल्या खिशातून जातात, पण हाउसआर्ट्सच्या भेटीला तो नियम नाही, ती भेट विम्यातच. सांगितलेली रक्ततपासणी मात्र त्या ३८५ मध्ये धरतात. गरोदरपणातसुद्धा सगळं सुरळीत असेल तर सुईणच बघते, स्त्रीरोगतज्ज्ञ नाही. हे ऐकून आमच्या दोन्हीकडच्या आया हबकल्या होत्या.

पहिली दोन वर्षं आम्ही फार वैतागलो. फोन केला की आधी सहायक वीस प्रश्न विचारणार. भेट दहा मिनिटांची. मुलगी चार वर्षांची, तीन दिवस ताप. उत्तर: पॅरासिटामॉल द्या, पाणी पाजा, आणखी दोन दिवसांत उतरला नाही तर फोन करा. बायको रडकुंडीला आलेली. इथल्या मराठी मंडळींत याच गप्पा: काहीही झालं तरी पॅरासिटामॉल.

मग आम्ही काय केलं? जे इथले बरेच भारतीय करतात तेच. डिसेंबरात पुण्याला गेलो की पहिल्या आठवड्यात सगळ्यांचं फुल बॉडी चेकअप, दातांपासून डोळ्यांपर्यंत. दार बंद असलं तरी असमाधान कुठून तरी वाट काढतंच. तुमच्याकडे ते शेजारच्या इमारतीतल्या स्पेशालिस्टकडे जातं, आमचं सात हजार किलोमीटर लांब जात होतं. एका वर्षी माझ्या रिपोर्टमध्ये यकृताचा एक आकडा थोडा वर निघाला. तो कागद घेऊन मी तावातावाने हाउसआर्ट्सकडे गेलो. त्यांनी शांतपणे विचारलं, “सुट्टीत काय खाल्लंत? कुठली औषधं घेतलीत?” सहा आठवड्यांनी परत तपासलं, आकडा जागेवर आला होता.

पण माझा विश्वास त्या आकड्याने बसला नाही. बायकोच्या पाठीवरचा एक तीळ तिने सहज म्हणून दाखवला होता. त्याच डॉक्टरांनी भिंग लावून बघितला, आमच्यासमोर चिठ्ठी लिहिली आणि त्याच आठवड्यात हॉस्पिटलची वेळ मिळाली. तीळ वाईट नव्हता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरांचा स्वतःचा फोन आला, “कशी आहे? घाबरली आहे का?” बस, एवढंच. त्यानंतर आम्ही पुण्यातलं चेकअप बंद केलं. तोवर ‘नाही’ म्हणणारा माणूस एवढंच त्यांचं रूप आम्हाला माहीत होतं. गरज असेल तेव्हा तो धावतो हे एकदा दिसलं, की त्याचं ‘थांबा’ पटायला लागतं.

शर्वरी_लेस्टर

इंग्लंडमधून. कागदावर पद्धत हेमंत म्हणतात तशीच आहे, पण एक फरक फार टोचतो. आमच्या सर्जरीत, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात, दर वेळी वेगळा डॉक्टर. दहा मिनिटांतली सहा मिनिटं माझी जुनी कथा सांगण्यात जातात. मग चिठ्ठी मिळालीच तर पुढे रांग. जीपीच्या (फॅमिली डॉक्टरच्या) चिठ्ठीपासून उपचार सुरू होईपर्यंत १८ आठवडे हे एनएचएसचं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं, उद्दिष्ट, आणि देशपातळीवर ते २०१६ नंतर पूर्ण झालेलं नाही. आता मी तातडीचं नसेल तर तीन आठवडे थांबते, पण एकाच डॉक्टरांची वेळ मागते. त्या मला ओळखतात. गेल्या वर्षी त्यांनी मला दोनदा चिठ्ठी नाकारली आणि मी दोन्ही वेळा निवांत घरी आले. अनोळखी डॉक्टरने नाकारली असती तर त्याच रात्री खासगी डॉक्टर शोधले असते.

नीलेश_आकडेमोड

शर्वरी जे सांगतात त्याला भक्कम आधार आहे. नॉर्वेत २००१ पासून प्रत्येक नागरिकाला एक ठरलेला डॉक्टर असतो. तिथल्या बर्गनच्या संशोधकांनी ४५ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या, निष्कर्ष २०२२ च्या ब्रिटिश जर्नल ऑफ जनरल प्रॅक्टिसमध्ये आले. डॉक्टरशी एकाच वर्षाचा संबंध असलेल्यांच्या तुलनेत, १५ वर्षांहून जास्त काळ तोच डॉक्टर असलेल्यांत रात्री-अपरात्रीची सेवा लागण्याची शक्यता सुमारे ३० टक्क्यांनी कमी, तातडीने भरती व्हायची २८ टक्क्यांनी कमी आणि मृत्यूची २५ टक्क्यांनी कमी. वर्षं वाढत गेली तसा फरकही पायरीपायरीने वाढत गेला. हा नोंदींचा अभ्यास आहे, प्रयोग नव्हे. एकाच जागी टिकून राहणारी माणसं मुळातच जरा धडधाकट असू शकतात, ते लक्षात ठेवून वाचावं. तरी एवढ्या मोठ्या संख्येत दिसलेली ही चढण मला दुर्लक्ष करण्यासारखी वाटत नाही.

अमेरिकेतल्या डॉक्टर आणि संशोधक बार्बरा स्टारफील्ड यांनी आयुष्यभर हेच मांडलं. आजारात पहिली भेट तिथेच, संबंध दीर्घकाळाचा, बहुतेक सगळ्या तक्रारींना हात घालणारा, आणि तज्ज्ञांशी सांधा जोडणारा. हे चार गुण असले तर तो पहिला डॉक्टर. सुहास यांच्या डॉक्टरकाकांनी दोन फोन केले, तो चौथा गुण.

आपल्याकडे उलटा ओढा आहे त्याचं एक कारण पैशातही आहे. मेडिक्लेम साधारणपणे २४ तास ॲडमिट झालात तर पैसे देतो. आयुष्मान भारत आणि महात्मा फुले योजनाही मुख्यतः हॉस्पिटलातल्या उपचारांसाठीच. फॅमिली डॉक्टरचे २०० रुपये मात्र नेहमी खिशातून. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला लोकांच्या खिशातला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ वर आला. उतरला हे चांगलंच आहे. पण साध्या दवाखान्यातल्या भेटीला अजून कुणी वाली नाही.

प्रकाश_कसबा

सगळं खरं, पण ‘कट’बद्दल, म्हणजे पेशंट पाठवल्याच्या कमिशनबद्दल, कुणीच का बोलत नाही? माझ्या आईला ज्या सेंटरला पाठवलं, तिथेच का पाठवलं, हा संशय एकदा मनात आला की फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी राहत नाही. त्यापेक्षा मी स्वतः स्पेशालिस्ट शोधतो. निदान फसलो तर माझ्या निवडीने फसलो.

डॉ_मिरज

प्रकाशजी, बोलायलाच हवं. पेशंट पाठवल्याबद्दल पैसे घेणं-देणं २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत स्पष्ट निषिद्ध आहे, तरी चालतं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांना, विंचूदंशावरच्या कामामुळे तुम्हाला नाव माहीत असेल, २०१३ मध्ये एका तपासणी केंद्राकडून १,२०० रुपयांचा धनादेश आला. पेशंट एमआरआयला पाठवला म्हणून. त्यांनी गप्प न बसता महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. पुढे २०१७ मध्ये राज्याने निवृत्त पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा करून घेतला. मसुद्याच्या पुढे तो गेला नाही.

मी घेत नाही. पण मी घेत नाही हे तुम्हाला कळणार कसं? म्हणून मी चिठ्ठीवर दोन-तीन नावं लिहितो आणि सांगतो, यांतल्या कुणाकडेही जा किंवा तुमच्या माहितीतल्या चौथ्याकडे जा, फक्त परत येऊन मला दाखवा. पेशंट तज्ज्ञाकडून परत माझ्याकडे आला, तर मी चिठ्ठी कशासाठी दिली होती ते आपोआप उघड होतं. संशयाने तोडलेलं हे नातं आमच्या पिढीने स्वतःच्या हाताने तोडलंय, हे मला मान्य आहे.

राजश्री_दोडामार्ग

तुम्ही सगळे शहरातले, तुम्हाला निवड आहे म्हणून हा प्रश्न पडतो. आमच्या दोडामार्ग, सावंतवाडीकडे आजार जरा जड वाटला की माणसं सरळ बांबोळी गाठतात, गोव्याचं जीएमसी, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल. तिथे सगळे तज्ज्ञ एका जागी, आणि आम्हाला सिंधुदुर्गातल्या सोयीपेक्षा ते जवळ. २०१८ मध्ये गोव्याबाहेरच्या पेशंटना तिथे शुल्क लागू झालं तेव्हा इकडे केवढी खळबळ उडाली होती.

आमच्या गावात एक बीएएमएस डॉक्टर आहेत. त्यांच्यावर गावाचा विश्वास आहे तो औषधापेक्षा एका गोष्टीमुळे: “हे माझ्याकडचं नाही, आजच निघा” हे ते स्पष्ट सांगतात, आणि गाडी नसेल तर कुणाची तरी बघून देतात. माझ्या काकांच्या बाबतीत त्यांनी बोलण्यातला अडखळलेपणा बघून पाचव्या मिनिटाला पिटाळलं. पक्षाघात होता, वेळेत पोचले, आज बागेत काम करतात. पण तेच डॉक्टर साध्या अंगदुखीला बांबोळीला जाऊ देत नाहीत. तिथे गेलं की एक दिवसाची मजुरी, एसटी, आणि रांग. मोलमजुरी करणाऱ्याला ‘थेट स्पेशालिस्ट’ म्हणजे काय पडतं ते इथे बघावं.

डॉ_मिरज

राजश्रीताई, वेल्समध्ये खाणकामगारांच्या गावात ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचे फॅमिली डॉक्टर होते. त्यांनी १९७१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की चांगली वैद्यकीय सेवा जिथे तिची गरज सगळ्यात जास्त, तिथेच सगळ्यात कमी मिळते. तुमचा प्रतिसाद वाचून तेच आठवलं. “आजच निघा” आणि “जाऊ नका” ही दोन्ही वाक्यं ज्याच्या तोंडी शोभतात असा डॉक्टर गावाला मिळाला, हे मोठंच.

मेंदूवैद्य

मी न्यूरॉलॉजिस्ट आहे, नाशिकला. वाचत होते, आता लिहिते.

माझ्याकडे नवीन पेशंट येतो तो बहुतेक वेळा फाईल घेऊन येतो, चिठ्ठी घेऊन नाही. फाईलमध्ये चाळीस कागद असतात: रिपोर्ट, बिलं, तीन वर्षांपूर्वीची सोनोग्राफी. त्यात मला हवी ती एक ओळ नसते: ‘हा माणूस एरवी तक्रार करणारा नाही’, किंवा ‘दर वर्षी परीक्षेच्या काळात हिचं डोकं दुखतं’. ही ओळ ओळखणाऱ्या डॉक्टरकडूनच येते. ती असली तर माझ्या निम्म्या तपासण्या वाचतात. ती नसली तर मला सगळं गंभीर आधी वगळावं लागतं, कारण हा माणूस मला परत कधी दिसेल याची खात्री नसते. मीही त्याला “दोन आठवडे थांबून बघू” म्हणू शकत नाही. तो दुसऱ्या दिवशी तिसरीकडे जाईल.

आणि आमची चूक. फॅमिली डॉक्टरांनी चिठ्ठी पाठवली तर मी उत्तर लिहिते, पण आमच्यातले बरेच जण लिहीत नाहीत. सुहास यांच्या वडिलांच्या प्रोस्टेटच्या गोळीबद्दल हृदयाच्या डॉक्टरांना कुणीच कळवलं नाही, हा एकट्या पेशंटचा दोष कसा म्हणायचा?

मृण्मयी_ठाणे

दोन दिवस हा धागा परत परत वाचतेय. मेंदूवैद्य, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांची गोळ्यांची पिशवी काल उघडली. नऊ निघाल्या. त्यांत पित्ताची एकच गोळी दोन नावांनी, दोन डॉक्टरांनी लिहिलेली. हाडाच्या डॉक्टरांची दुखण्याची गोळी त्या वर्षभर रोज घेतायत, आणि दाबाचे डॉक्टर दर भेटीत म्हणतात, दाब का वाढतोय कळत नाही.

डॉ. मिरज, परत फॅमिली डॉक्टर शोधायचा तर कसा शोधू? मला परत कुणी “टेन्शन आहे का” म्हणून घरी पाठवलेलं चालणार नाही. ठाण्यात आमच्या भागात तरुण डॉक्टर दिसतच नाहीत, सगळ्या पाट्या सुपरस्पेशालिस्टच्या.

डॉ_मिरज

आधी सासूबाईंचं. ती दुखण्याची गोळी जर सूज उतरवणाऱ्या जातीची असेल, तर ती दाब वाढवते आणि मूत्रपिंडालाही त्रास देऊ शकते. ही पिशवी घेऊन याच आठवड्यात दाबाच्या डॉक्टरांकडे जा. स्वतःहून काही बंद करू नका.

आता शोधायचं कसं. आजारी नसताना जा, एखादं साधं काम घेऊन, धनुर्वाताचं इंजेक्शन म्हणा. बघा, तुमचं वाक्य पूर्ण होऊ देतात का. हात लावून तपासतात का. काही लिहून ठेवतात का. “मला हे माहीत नाही” असं म्हणतात का, हे फार महत्त्वाचं. आणि पहिल्याच भेटीत त्यांना तुमची ती चौदा महिन्यांची गोष्ट सांगा. स्पष्ट सांगा की यामुळे माझा विश्वास गेला आहे. जो डॉक्टर त्यावर रागावेल तो तुमचा नाही. जो त्यावर पुढचा प्रश्न विचारेल, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जा. पाटीवरच्या पदव्या मोजू नका, पण कुठली पदवी आहे ते विचारायला लाजू नका. फॅमिली मेडिसिनमध्ये डीएनबी, म्हणजे एमबीबीएसनंतरचं पदव्युत्तर शिक्षण, केलेले तरुण थोडे आहेत, पण आहेत.

आणि स्त्रीरोगतज्ज्ञ सोडू नका. तो विश्वास तुम्ही फार मोठी किंमत देऊन मिळवलाय.

मृण्मयी_ठाणे

सांगेन. आभार.

सुहास_बावधन

काल बाबांना घेऊन डॉक्टरकाकांकडे गेलो होतो. उभं राहिल्यावरचा दाब १२६. मनगटाचं प्लास्टर निघालंय.

निघताना त्यांनी सांगितलं की दिवाळीनंतर ते दवाखाना बंद करणार आहेत. मुलगी रेडिऑलॉजिस्ट आहे, ती हा दवाखाना घेणार नाही. मागच्या खोलीत लोखंडी कपाटात सगळ्या घरांचे केसपेपर आहेत, गल्लीप्रमाणे लावलेले. आमचा काढून दाखवला. त्यात माझ्या गोवराची नोंद होती, १९८४ ची, आणि आजीच्या शेवटच्या आठवड्यात ते रोज घरी येत होते त्याच्या तारखा. मला विचारत होते, हे कुणाकडे देऊ? मला उत्तर सुचलं नाही. इथे कुणाला काही सुचतंय का?

मेंदूवैद्य

सगळं कपाट कुणी घेणार नाही. पण तुमच्या बाबांचं एक पान त्यांच्याकडून लिहून घ्या, त्यांच्याच अक्षरात. जुने आजार, कशाची ॲलर्जी, कुठलं औषध कधी आणि का बदललं, आणि ‘हा माणूस कसा आहे’ याच्या दोन ओळी. ते पान यापुढे प्रत्येक डॉक्टरच्या टेबलावर सगळ्यात वर ठेवा.

सुहास_बावधन

आत्ताच फोन केला. म्हणाले, सोमवारी ये, आईचंही लिहून ठेवतो. आणि येताना कोरी वही आण म्हणाले, एका पानात मावणार नाही.